नदीच्या या काठावर कॅमेरा उशिरा आला

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. अलीकडे महागाव तालुक्यातले फुलसावंगी, उमरखेडची गावे, बंजारा तांडे, आंध आणि गोंड वस्त्या. पलीकडे माहूरचे डोंगर आणि किनवटचे सागवान. या भागातल्या कुठल्याही तरुणाच्या मोबाइलमध्ये आज डोकावले, तर पावसाळ्यातला सहस्रकुंडाचा धबधबा, फाल्गुनात पेटलेला पळस, धुक्यात बुडालेले माहूरगडाचे तट, बोंडे फुटलेली कपाशी अशी कितीतरी चित्रे सापडतात. रानात हिंडावे, दृश्य पाहावे आणि ते टिपून घरी आणावे, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही पूर्वज असतील असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पूर्वज आहेत, आणि त्यांची वंशावळ मोठी गमतीची आहे. जगात कॅमेरा जन्मला तो निसर्गदृश्य टिपतच. मुंबईला तो अवघ्या काही वर्षांत पोहोचला. वेरूळ-अजिंठ्याला, हिमालयाला, राजेरजवाड्यांच्या शिकारीलाही गेला. पैनगंगेचा हा काठ मात्र त्याला बराच काळ दिसला नाही. असे का झाले आणि शेवटी तो इथवर कोणत्या वाटेने आला, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. कॅमेऱ्याच्याही खूप मागे.

चौदाव्या शतकात माहूरच्या डोंगराचे वर्णन करणारा एक मराठी ग्रंथ तयार झाला. महानुभाव पंथाच्या साती ग्रंथांपैकी ‘सह्याद्रिवर्णन’ तो हाच. कर्ता रवळोबास, विषय श्रीदत्तात्रेय आणि त्यांचे निवासस्थान. महानुभाव परंपरेत सह्याद्री म्हणजे कोकणाच्या माथ्यावरची रांग नव्हे, तर माहूरचा हा डोंगर. म्हणजे ज्या टेकड्या फुलसावंगीच्या बाजूने नदीपलीकडे दिसतात, त्यांना मराठी वाङ्मयात सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच जागा मिळालेली आहे. त्याच परंपरेतली ‘स्थानपोथी’ तर मला या सगळ्या कथेतली सर्वांत दुर्लक्षित पूर्वज वाटते. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर जिथे जिथे राहिले, जेवले, बसले, त्या गावांची आणि जागांची ही नोंदवही. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, नदी कुठल्या अंगाला, ओटा कुठे, वाट कुठून, हे सारे तिच्यात निगुतीने लिहिलेले आहे. तिथे वर्णनाचा फुलोरा नाही. पुढच्या पिढीतल्या माणसाला ती नेमकी जागा सापडावी आणि तिथे उभे राहून नमस्कार करता यावा, एवढाच तिचा हेतू. दृश्य जपून ठेवण्यामागे दोन ओढी असतात: एक सुंदर दिसते म्हणून, आणि दुसरी ते तिथेच होते याची साक्ष राहावी म्हणून. आपल्या भूमीत ही दुसरी ओढ आधी जन्मली, आणि ती भक्तीतून जन्मली.

पहिली ओढ, म्हणजे डोंगर-नदी-झाड केवळ पाहण्यासाठी पाहणे, हिचा एक मोठा प्रवाह अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधून आला. विल्यम गिल्पिनसारख्या लेखकांनी कोणता देखावा चित्रात शोभेल याचे नियम घालून दिले आणि हौशी प्रवासी ते नियम डोक्यात घेऊन सरोवरांच्या प्रदेशात फिरू लागले. त्यांच्या खिशात काळसर काचेचा, किंचित फुगीर असा एक छोटा आरसा असे. सतराव्या शतकातला चित्रकार क्लोद लोरँ याचे नाव त्याला पडले होते. देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे, आरसा समोर धरायचा आणि त्यात उमटलेले मंद, चौकटबद्ध निसर्गचित्र पाहायचे, अशी ती रीत. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये असाच आरसा घेऊन हिंडला होता. धबधब्याकडे पाठ फिरवून हातातल्या काचेत पाहणारा आजचा सेल्फीवाला नवा नाही; त्याची मुद्रा अडीचशे वर्षांची आहे.

ही दृष्टी घेऊन थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. त्यांच्याजवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा होता: एक अंधारी पेटी, जिच्यातल्या भिंगातून बाहेरचे दृश्य कागदावर पडते आणि हाताने गिरवता येते. १७९३ मध्ये ते मुंबईला आले आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सोबतीने त्यांनी परिसरातली लेणी पाहिली. या वेल्सच्या आसपास आपल्याला एक मराठी माणूस भेटतो आणि तिथे थबकावेसे वाटते. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रे काढीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये चितारला. वेरूळची लेणी प्रत्यक्ष जाऊन रेखाटली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियल मंडळींनी १८०३ मध्ये वेरूळचा चित्रसंच लंडनला छापला आणि युरोपने तो डोळे भरून पाहिला. गंगारामचे नाव मात्र दोन शतके संग्रहालयांच्या कपाटांत राहिले. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. समोरचा प्राणी आणि समोरची जागा जशी आहे तशी उतरवून घेण्याचे काम करणारा हा तांबट महाराष्ट्रातल्या सगळ्या निसर्ग-छायाचित्रकारांचा आजोबा ठरावा, असे मी मनापासून मानतो.

अंधाऱ्या पेटीत पडणारे दृश्य हाताने न गिरवता आपोआप टिकून राहावे, ही खटपट फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने केली. १८२६-२७ च्या सुमारास त्याने आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा देखावा धातूच्या पत्र्यावर उमटवला. टिकून राहिलेले जगातले पहिले छायाचित्र ते हेच: छपरे, भिंती आणि एका झाडाची आकृती. प्रकाशाला काम करायला कित्येक तास लागले. इतका वेळ स्थिर राहील ते फक्त घर आणि झाड. निसर्गदृश्य हा कॅमेऱ्याचा पहिला विषय झाला तो आवडीमुळे जितका, तितकाच नाइलाजामुळे. फ्रान्सच्याच दागेरची छायाचित्रणाची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कॅमेरे विकायला आले. सुरुवातीच्या या रसायनांना निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ करपून पांढरे फटक होई. जुन्या छायाचित्रांत ढग दिसत नाहीत ते यामुळे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने १८५० च्या दशकात समुद्राची चित्रे केली तेव्हा आभाळाची काच वेगळी, पाण्याची वेगळी, अशा दोन काचा जोडून त्याने एक चित्र छापले. दृश्य जसेच्या तसे टिपले जाते, हा समज पहिल्या वीस वर्षांतच असा सैल झाला होता.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्गही सुरू झाले. सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कसबी छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर हा पेशाच पत्करला. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी मंडळींसाठी एक मासिक चित्रसंच काढला. महिन्याला मोजकी चित्रे, प्रत्येक प्रतीत खरी छापील छायाचित्रे चिकटवलेली. पण याच जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींवर जो ग्रंथ केला, त्यात एक विलक्षण प्रकार दिसतो. माणसे कुठेतरी वेगळी उभी करून टिपली आणि त्यांच्यामागे दुसरीकडचे देखावे जोडले. माणूस खरा, मागची भूमीही खरी, पण दोघांची भेट झालेलीच नाही. हा धागा लक्षात ठेवू. तो पुढे जत्रेत पुन्हा सापडणार आहे.

मुंबईचे हे कॅमेरे आत, वऱ्हाडाकडे का आले नाहीत? एक कारण रसायनाचे होते. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत धुऊन काढायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे अंधारी खोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. सॅम्युअल बोर्न १८६३ नंतर हिमालयात हिंडला तो हमालांचा तांडा घेऊन. थंड हवेत काच थोडी दम धरते. उन्हाळ्यातल्या वऱ्हाडात कलोडियनमधला ईथर बघता बघता उडून जातो. दुसरे कारण वाटांचे. भुसावळहून बडनेऱ्यामार्गे नागपूरला रेल्वे पोहोचली ती १८६७ मध्ये, आणि तीही उत्तरेकडून. दक्षिण वऱ्हाडात बैलगाडी हेच वाहन. तिसरे कारण मला अधिक खोल वाटते: पाहणाऱ्याला काय पाहायचे हे आधीच ठरलेले होते. लेणी, किल्ले, घाट, थंड हवेची ठिकाणे. साधा ओढा, पळसाचे रान, नदीतला खडक या यादीत नव्हता.

यादीबाहेर पाहणारा एक जण अजिंठ्याला होता. मेजर रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करायला आलेला हा लष्करी चित्रकार आयुष्यभर तिथेच रमला. त्याने अनेक वर्षे खपून रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर तो कॅमेऱ्याकडे वळला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या, जोडीने पाहिल्यावर खोली दाखवणाऱ्या त्याच्या चित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. त्याच्या शीर्षकात पश्चिम भारताच्या वास्तुकलेबरोबर निसर्गाचाही उल्लेख आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर कॅमेऱ्याने निसर्गाकडे मुद्दाम वळून पाहिल्याचा इतका जुना दाखला मला दुसरा ठाऊक नाही. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स वऱ्हाडात फिरले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या प्राचीन अवशेषांची त्यांची यादी १८९७ मध्ये छापली गेली. तिच्यात लोणार आहे, हेमाडपंती देवळे आहेत. रान अर्थातच नाही. ते त्यांचे काम नव्हते.

आता आपण पैनगंगेच्या राजकीय नशिबाकडे येऊ, कारण चित्रांचे नशीब त्याच्याशी बांधलेले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि ही नदी दोन अमलांमधली सरहद्द झाली: फुलसावंगीचा काठ इंग्रजी, माहूर-किनवटचा निजामी. निजामाच्या बाजूला एक थोर कॅमेरा काम करीत होता. लाला दीनदयाळ हे रुरकीला शिकलेले, इंदूरच्या नोकरीत छायाचित्रणाला लागलेले आणि १८८० च्या दशकात सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी आलेले छायाचित्रकार. ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना १८९४ मध्ये मिळाला. वेरूळ, दौलताबाद, राजवाडे, लष्कर, दुष्काळ, मेजवान्या, सारे त्यांच्या काचांवर आहे. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन हैदराबादला आला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात, इंग्रजांकडे ठेवण्याचे त्या वर्षी ठरले. त्याच वर्षी वरंगळकडे नेकोंड्याच्या रानात कर्झन पती-पत्नी मारलेल्या वाघासमोर उभे राहिले आणि दीनदयाळांच्या कॅमेऱ्याने ते क्षण टिपले. एका सालात एक मुलूख कागदावर गेला आणि एक वाघ काचेवर. भारतीय जंगलाचे त्या काळातले एक प्रसिद्ध चित्र हे असे आहे: पुढे मेलेले जनावर, मागे बंदुका, आणि जंगल कुठेतरी कडेला. ते चित्र पाहताना मला नेहमी नदीच्या अलीकडची माणसे आठवतात, ज्यांना आपला मुलूख पट्ट्याने गेल्याचे कुणी विचारले नव्हते. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, पुसद तालुका वाशीमकडून त्यात आला, आणि या काठाची आजची ओळख आकाराला येऊ लागली.

काच मागे पडायला तोवर सुरुवात झाली होती. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा फिल्मच्या गुंडाळीचा कोडॅक कॅमेरा आला. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. तंबू, हमाल, चांदीचे द्रावण, सगळे संपले. आणि याच वळणावर एका मराठी माणसाने एक गोष्ट केली. दादासाहेब फाळके तेव्हा चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेले होते आणि भांडवल देणाऱ्याला या कलेची खात्री पटवायची होती. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि कोंब वाढेल तशी एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ते रोप काही क्षणांत जमिनीतून वर आले, वाढले, पसरले. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचे हे काम आपण चित्रपटाच्या इतिहासात तळटीपेसारखे वाचतो. मला ते निसर्गचित्रणाच्या इतिहासातले मोठे वळण वाटते. निएप्सला झाड टिपता आले कारण ते हलत नव्हते. फाळक्यांनी झाड हलते हेच दाखवून दिले.

मेलेल्या वाघाकडून जिवंत वाघाकडे जाणारी वाट मात्र वनखात्यातून गेली. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रात्री हरणांची चित्रे घेतली होती. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने ती युक्ती वाघांसाठी वापरली. रानवाटेवर बारीक तार ताणायची. वाघाचा पाय लागला की झगझगीत उजेड आणि चित्र. १९२० च्या दशकात त्याने असे वाघ टिपले आणि १९२७ मध्ये पुस्तक काढले. वाघ ओळखायचा तर त्याच्या पट्ट्यांवरून, हेही त्याने हेरले होते. पण बंदुका खाली ठेवायला देशाला आणखी अर्धे शतक लागले. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. व्याघ्र प्रकल्प १९७३ चा, आणि त्याच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होते. या काळात मराठी वाचकाला जंगल दाखवण्याचे काम कॅमेऱ्यापेक्षा लेखणीने केले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथे नोकरी करता करता पक्ष्यांची, झाडांची, आदिवासींच्या शब्दांची टिपणे ठेवीत राहिले. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला वही आणि पेन्सिल घेऊन बसले. विदर्भातले जंगल लाखो मराठी घरांत पहिल्यांदा शिरले ते शब्दांतून आणि रेखाटनांतून. कॅमेऱ्याचा उशीर इथे आपल्याला लाभला, असे मला वाटते.

फुलसावंगीसारख्या बाजाराच्या गावांत कॅमेरा आला तो या थोर वाटेने नव्हे, तर जत्रेच्या आणि लग्नाच्या वाटेने. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या तंबूत रंगवलेला पडदा असे: बर्फाचे डोंगर, सरोवर, हंस, कधी ताजमहाल. खरे डोंगर बाहेर उभे असताना माणसे आत जाऊन रंगवलेल्या डोंगरापुढे उभी राहत, आणि जॉन्सनची शंभर वर्षांपूर्वीची जोडाजोड गावोगाव जगत राहिली. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या रोजच्या वाटेवर पळस आणि टेकडी आहे, त्याला न पाहिलेला हिमालय हवासा वाटणे अगदी साहजिक होते. मग बडोद्याला तयार होणारा आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायचे, दत्तशिखरावर एक, अनसूया शिखरावर एक, परतताना नदीवर एक. रोल धुवायला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी द्यायचा आणि वाट पाहायची. बारातली एकही चौकट माणूस नसलेल्या देखाव्यावर खर्च होत नसे. त्या काळातले कौटुंबिक अल्बम आज उघडले तर नदी, डोंगर, झाडे आत्या-काकांच्या खांद्यांमागून थोडी थोडी डोकावतात. पुढे छत्तीस चित्रांचे रंगीत रोल आले, तेव्हा कुठे एखादी चौकट मावळत्या सूर्याच्या वाट्याला येऊ लागली.

नदीच्या दोन्ही काठांवरचे रान पैनगंगा अभयारण्य म्हणून राखले गेले आणि जिल्ह्याच्या पूर्वेला, पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर अभयारण्य झाले. या रानांत माणसाशिवाय चालणारा कॅमेरा आला. चॅम्पियनची तार जाऊन तिच्या जागी जनावराच्या अंगची उष्णता आणि हालचाल ओळखणारे यंत्र बसले. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेला या कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत बसवली, आणि आता ती देशभर चालते. वाटेच्या दोन्ही अंगांना दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे सारखे नसतात. झाडाच्या बुंध्याला पेटी बांधणे, गवत कापून समोरची जागा मोकळी करणे, चिप बदलणे, ही कामे वनरक्षक आणि वनमजूर पायी हिंडून करतात. त्यांच्या हातून निघालेल्या चित्रांवर कुणाचे नाव नसते. पांढरकवडा-राळेगाव भागात माणसे मारणाऱ्या टी-१ वाघिणीच्या शोधात हेच कॅमेरे रानभर लावले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती मारली गेली. त्या महिन्यांत इथल्या खेड्यांनी जे भोगले, आणि तिच्या मृत्यूवर देशभर जो वाद झाला, त्यात एकेका चित्राला साक्षीदाराचे वजन आले होते. लगेच पुढच्या वर्षी उलटी गोष्ट घडली. टिपेश्वरात जन्मलेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ जून महिन्यात निघाला आणि तेलंगण, नांदेड, हिंगोली, वाशीम असा हिंडत वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे त्याचा एकूण प्रवास तीन हजार किलोमीटरांवर गेला. कपाशी, तूर, ऊस, रस्ते आणि वस्त्या ओलांडत तो गेला, आणि नकाशावरच्या त्याच्या रेषेने एक गोष्ट सांगितली: जंगल आणि शिवार असे दोन वेगळे प्रदेश आपण मानतो, ते वाघाच्या लेखी नाहीत.

आता शेवटचा टप्पा. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने हाताळता येण्याजोगा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक काळेपांढरे चित्र कॅसेटवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तोवर कॅमेरा फोनमध्ये शिरला होता. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पैनगंगेच्या या काठावर एकाच वेळी हजारो कॅमेरे अवतरले. ईथर उडण्याची भीती नाही, बाराव्या चौकटीची काटकसर नाही. पहिल्यांदाच दृश्यात राहणारा माणूस दृश्य टिपू लागला. त्यासाठी बाहेरून कुणी यावे लागत नाही, राजाश्रय लागत नाही, आणि काय पाहावे याची यादीही कुणी हाती देत नाही. प्रत्येक चित्राच्या पोटात दिवस, वेळ आणि बहुधा जागेचे अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. स्थानपोथी लिहिणाऱ्यांनी ज्या नेमकेपणासाठी पायपीट केली, तो आता बोटाच्या एका स्पर्शाने मिळतो.

पण यादी इतक्या सहज जात नाही. उमरखेडच्या मुरली गावाजवळ आणि पलीकडे नांदेडच्या इस्लापूरजवळ, दोन्ही बाजूंनी, पावसाळ्यात सहस्रकुंडावर गर्दी लोटते, आणि बहुतेकांना तोच एक कोन हवा असतो, पाण्याच्या शक्य तितक्या जवळचा. तिथले काळे खडक ओले झाले की पाय ठरत नाही. पाणी किती वाढले हे वरच्या अंगाला किती पाऊस झाला यावर ठरते; समोर ऊन असले तरी नदी फुगू शकते. व्याघ्र-पर्यटनात हाच हव्यास वाघापर्यंत पोहोचला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवले. ते चित्रण सर्वत्र फिरले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि सफारीतल्या मोबाइलवर निर्बंध आले. ते योग्यच झाले. जिवंत वाघाला कोंडून काढलेले चित्र कर्झनच्या चित्राच्या फार पुढे गेलेले नाही.

एवढी लांबची वाट चालून हातात आलेल्या या कॅमेऱ्याने फुलसावंगीच्या मुलामुलींनी काय टिपावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सहस्रकुंड टिपावेच, दुरून आणि जपून. पण त्याहून निकडीचे आहे ते रोजचे: गायरानातले गवत आणि त्याची नावे, नदीच्या डोहातले मासे, बांधावरचा मोह, सालई, धावडा, तेंदू, कपाशीवर येणारे पाखरू, एकच ओढा ज्येष्ठात, भाद्रपदात आणि चैत्रात. यांतले बरेच काही आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहे आणि त्याचे जुने चित्र कुणाजवळही नाही, कारण ते कधी कुणाच्या यादीतच नव्हते. यासाठी कागदोपत्री जागाही तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावपातळीवरच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे अनेक वर्षांचे काम आहे. झाडे, वेली, मासे, पक्षी, पिकांचे वाण, त्यांची स्थानिक नावे आणि उपयोग तिच्यात लिहायचे असतात. पुष्कळ गावांत ती एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. ती उघडावी, प्रत्येक नोंदीसमोर आपल्या शिवारातले तारखेचे चित्र लावावे, आणि मराठी नावाशेजारी गोरमाटी, गोंडी, कोलामी नावे तांड्यांतल्या आणि कोलामांच्या पोडांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावीत, ती माणसे सांगायला आहेत तोवर.